डाव मधूनच मांडताना

माझा पुतण्या गेल्या जूनपासून अकरावीच्या शिकवण्यांसाठी लातूरला राहतो आणि मी परभणीला. रात्री साडेनऊ ते दहा एवढाच वेळ त्याच्या हाताशी असतो. त्या अर्ध्या तासात बुद्धिबळाचा पंधरा-पंधरा मिनिटांचा एकच डाव बसतो, आणि त्यातल्या पहिल्या दहा-बारा चाली आम्ही दोघेही पाठांतरावर खेळून टाकतो. खरा विचार सुरू होईपर्यंत निम्मे घड्याळ सरलेले असते आणि हत्ती-प्याद्यांचे शेवटचे झुंजणे, जिथे माझ्या मते बुद्धिबळ शिकायला मिळते, तिथे आम्ही बहुतेक वेळा पोहोचतच नाही. म्हणून दिवाळीनंतर आम्ही ठरवले की आठवड्यातले चार दिवस डाव पहिल्यापासून मांडायचाच नाही. पटावरची एखादी स्थिती आधी निवडायची आणि तिथूनच खेळायला बसायचे.

यासाठी आम्ही लिचेस हे संकेतस्थळ वापरतो. ते विनामूल्य आहे, जाहिराती नाहीत, आणि पट मांडण्यासाठी तिथे एक वेगळे पान आहे. रिकाम्या पटावर हवे ते मोहरे हव्या त्या घरात ठेवायचे, चाल पांढऱ्याची की काळ्याची ते निवडायचे, किल्लेकोटाचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा, हक्क कोणाकडे शिल्लक आहे त्याच्या चौकटींवर खूण करायची, आणि मग तिथूनच संगणकाशी किंवा मित्राशी डाव सुरू करायचा. मित्रासाठी एक दुवा तयार होतो. तो मी व्हॉट्सअ‍ॅपवर लातूरला पाठवतो. अशा डावांचा रेटिंगवर काहीही परिणाम होत नाही, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण गुण घटण्याची भीती गेली की मुलगा हरलेली बाजूसुद्धा आवडीने घेतो.

मोहरे एकेक करून ठेवण्यापेक्षा जलद मार्ग म्हणजे ‘फेन’ नावाची एका ओळीची नोंद. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधले पत्रकार डेव्हिड फोरसाइथ यांनी ही पद्धत रूढ केली आणि पुढे स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ती संगणकाला समजेल अशी वाढवली. दोघांच्या आडनावांवरूनच ते नाव आले आहे. आठव्या आडव्या ओळीपासून पहिलीपर्यंत खाली यायचे, पांढऱ्याचे मोहरे मोठ्या रोमन अक्षरांत आणि काळ्याचे लहान अक्षरांत लिहायचे, आणि रिकाम्या घरांची संख्या अंकाने दाखवायची. प्रत्येक ओळीची बेरीज आठ भरली पाहिजे. पहिल्या आठवड्यात माझी कधी सात भरत असे, कधी नऊ. मोहऱ्यांच्या मागोमाग चाल कोणाची, किल्लेकोटाचे हक्क, एन पासाँचे (दोन घरे पुढे आलेले प्यादे शेजारच्या प्याद्याने जाताजाता मारण्याचे) घर, पन्नास चालींच्या नियमासाठीची मोजणी आणि चालीचा क्रमांक अशा आणखी पाच नोंदी येतात.

या सहा नोंदींपैकी दुसरी, म्हणजे चाल कोणाची ते सांगणारे एकुलते एक अक्षर, किती जड असते ते आम्हाला तिसऱ्याच रात्री कळले. पट अगदी साधा होता: पांढरा राजा ई५ वर (उभ्या ओळींना ए ते एच ही अक्षरे, आडव्यांना एक ते आठ हे अंक), त्याच्यामागे ई४ वर एक प्यादे, आणि समोर ई७ वर काळा राजा. पटावर एवढेच. मी काळ्याकडून बसलो होतो आणि हा डाव बरोबरीत सुटतो हे पुतण्याला करून दाखवणार होतो. पट त्याने मांडला होता. डाव सुरू झाला तेव्हा पहिली चाल माझी निघाली. मी राजा डी७ वर नेला, त्याने आपला एफ६ वर आणला, मी ई८ वर मागे सरलो तर तो ई६ वर येऊन उभा राहिला, आणि आठ-दहा चालींत त्याच्या प्याद्याचा वजीर झाला. फोनवर त्याचा आवाज चढला होता, “काका, बरोबरी म्हणला होता की तुम्ही!” मोहरे सगळे बरोबर घरांत होते, चूक फक्त चालीची होती. दोन राजे असे एक घर सोडून समोरासमोर उभे असले की ज्याच्यावर चाल येते त्यालाच बाजूला सरावे लागते. पांढऱ्याची चाल असती तर काळ्याने बरोबरी राखली असती. हेच मी त्याला पुस्तकातून दोनदा समजावले होते आणि दोन्ही वेळा तो “हो हो” म्हणाला होता. त्या रात्री त्याने स्वतःहून पट पुन्हा मांडला, या वेळी पांढऱ्याची चाल ठेवून, आणि आपला जिंकलेला डाव हातातून कसा निसटतो ते पाहिले.

त्यानंतर आम्ही हत्तीच्या दोन प्रसिद्ध स्थिती घेतल्या. लुसेना स्थितीत प्यादे सातव्या ओळीत आणि त्याचा राजा त्याच्यापुढे अडकलेला असतो, आणि हत्तीला चौथ्या ओळीत आणून शहांपासून आडोसा करायचा असतो. (लुसेनाच्या १४९७ च्या ग्रंथात ही स्थिती मुळात नाहीच, ती १६३४ मध्ये साल्व्हिओच्या ग्रंथात आढळते, पण नाव चिकटले ते चिकटले.) फिलिडोरच्या बचावात काळ्याने आपला हत्ती सहाव्या ओळीत रोखून धरायचा आणि प्यादे त्या ओळीत शिरले की पार मागे नेऊन शहांवर शह द्यायचे. डाव संपल्यावर परतीचा डाव मागितला की तीच स्थिती पुन्हा येते आणि रंग बदलतात; त्यामुळे जो आत्ता कोंडीत होता त्याला लगेच कोंडी करून पाहता येते. इतक्या कमी मोहऱ्यांच्या स्थितींचे अचूक निकाल संगणकाने काढून ठेवलेले आहेत, सात मोहऱ्यांपर्यंतचे तर लिचेसवरच पाहता येतात, पण आम्ही ते निकाल दोन्ही डाव झाल्यावरच उघडतो.

निवडलेल्या स्थितींवरून शिकणे आपल्याकडे नवे नाही. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचा बुद्धिबळावरचा जो ग्रंथ छापला गेला, त्यात मुख्यतः अशा अडचणीच्या स्थितीच आहेत.

एका रविवारी आम्ही घरच्या जुन्या पद्धतीचाही पट मांडून पाहिला. अंबाजोगाईच्या आमच्या ओसरीवर आप्पा, म्हणजे माझे वडील, राजासमोर वजीर ठेवून खेळत. काळ्याचा राजा आणि वजीर यांची अदलाबदल केली आणि किल्लेकोटाच्या चारही खुणा काढल्या की तो पट जसाच्या तसा उभा राहतो. प्याद्याने पहिल्या चालीतही एकच घर जायचे, हा आप्पांचा नियम मात्र फेनच्या ओळीत लिहिता येत नाही; ती मोहऱ्यांची जागा सांगते, त्यांचा स्वभाव बदलत नाही. तेवढे आम्ही तोंडी ठरवून पाळले.

आणि त्यामुळेच मला आप्पांची वही आठवली. शेजारच्या निवृत्त गुरुजींशी ते रोज संध्याकाळी खेळत, आणि डाव अर्धवट राहिला की पाठकोऱ्या कागदावर चौसष्ट घरे आखून मोहऱ्यांची आद्याक्षरे लिहून ठेवत. शेवटच्या कागदावर पंधरा मोहरे आहेत: एका बाजूला राजा, हत्ती, घोडा आणि पाच प्यादी, दुसऱ्या बाजूला राजा, हत्ती, उंट आणि चार. कोपऱ्यात ‘उद्या’ एवढेच लिहिले आहे. तो डाव पुन्हा झाला नाही. मी तो पट जानेवारीत लिचेसवर मांडला, सगळे मोहरे ठेवले, आणि चाल कोणाची या रकान्यापाशी थांबलो, कारण ते आप्पांनी लिहिलेले नाही. त्यांना ते लिहिण्याची गरजही नव्हती. समोरच्याला माहीत होते.

पुतण्याने काढलेला मार्ग मला पटला. आम्ही तो डाव दोन्ही चालींनी आणि दोन्ही रंगांनी खेळतो. आजवर सहा वेळा झाला आहे, तीनदा पांढऱ्याच्या चालीने आणि तीनदा काळ्याच्या. आज रात्री पुन्हा पांढऱ्याची चाल आहे, आणि आप्पांची घोड्याची बाजू त्याच्याकडे आहे.