सोलापूर ते अंधेरी: मुंबई सिटीची सेमीफायनल आणि परतीचं तिकीट

सोलापूरहून मुंबईला नॉकआउट मॅच बघायला जाणार असाल, तर परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. दिवसभर कामं उरकायची, रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची आणि सकाळी चहाला घरी पोचायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. मंत्रालयाच्या कामाला ती चालते, फुटबॉलला नाही. मॅच साडेसातला सुरू होते आणि नव्वद मिनिटांत निकाल लागला तर साडेनऊच्या आसपास संपते. निकाल नाही लागला तर तीस मिनिटं जादा वेळ, त्यानंतर पेनल्टी. सिद्धेश्वर सीएसएमटीवरून पावणेअकराच्या सुमारास सुटते. म्हणजे सत्तराव्या मिनिटापासून तुमचा एक डोळा मैदानावर आणि एक घड्याळावर. आम्ही गेलो त्या २९ एप्रिल २०२४ च्या सेमीफायनलमध्ये मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा पहिला गोल ६९व्या मिनिटाला झाला, दुसरा ८३व्या मिनिटाला. जे काही घडलं ते त्यानंतरच घडलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, देशातली फुटबॉलची मोठी लीग. तिची सेमीफायनल दोन सामन्यांची होती आणि दोन्हींतले गोल एकत्र धरायचे. पहिला सामना २४ एप्रिलला गोव्यात, फातोर्ड्याला झाला. तो आम्ही सोलापुरातच पाहिला. एफसी गोवा २-० ने पुढे होती आणि नव्वदावं मिनिट आलं तरी मुंबईचा एकही गोल नव्हता. आमच्यातले काही जण उठून निघून गेले होते. मग मुंबईच्या छांगटेने एक मारला, मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगने दुसरा आणि ९६व्या मिनिटाला पुन्हा छांगटेने तिसरा. ३-२. त्याच रात्री ठरलं की परतीचा सामना टीव्हीवर बघायचा नाही.

निघालो ते मी, माझा चुलतभाऊ, त्याची आठवीतली मुलगी आणि आमचे दाजी. पुतणीच्या अंगात छांगटेची सात नंबरची जर्सी होती. दाजी कुस्तीचे शौकीन. गावोगावच्या जत्रांतले आखाडे त्यांनी पालथे घातले आहेत, पण फुटबॉलची मॅच कधी पूर्ण पाहिलेली नव्हती. मुंबईला त्यांचं थोडं काम होतं, म्हणून आले. दाजींची गोष्ट पुढे सविस्तर येईल, कारण त्या रात्री मी मैदानाइतकंच त्यांच्याकडे बघत होतो.

जायला वंदे भारत सोयीची. सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सोलापूरहून सुटते आणि दुपारी साडेबारानंतर सीएसएमटीला पोचते. अंधेरीला जायचं तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरलाच उतरा. मुंबईकडे जाणारी वंदे भारत गुरुवारी नसते आणि मुंबईहून येणारी बुधवारी नसते, हे लक्षात ठेवा. आमची मॅच सोमवारी होती, त्यामुळे दोन्ही बाजूंनी जमलं. तिकीट महाग वाटत असेल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर आहेच, पण मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठे टेकायचं ते आधी ठरवा. ती दुपार लांब जाते. त्या दिवसांत मुंबई-ठाण्याकडे उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. आपण सोलापूरकर चाळीसच्या वरच्या उन्हाला सरावलेले असतो, पण ते ऊन कोरडं. मुंबईच्या घामाची आपल्याला सवय नसते. मुलं बरोबर असतील तर दुपारी नातेवाइकांकडे पंख्याखाली पडा, आंघोळ करा आणि पाचला निघा. आम्ही चुलतभावाच्या सासुरवाडीला, दादरजवळच्या नायगावला थांबलो.

दादरहून पश्चिम रेल्वेची फास्ट लोकल धरून अंधेरी गाठायची. स्टेशनवरूनच पुलाने मेट्रोकडे जाता येतं. वर्सोव्याच्या दिशेची मेट्रो घ्या आणि पुढच्याच स्टेशनला, आझाद नगरला उतरा. तिथून वीरा देसाई रोडकडे दहा-बारा मिनिटं चालत. रस्ता विचारताना 'मुंबई फुटबॉल अरेना' म्हणालात तर पाचातले तीन जण मान हलवतील. 'अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स' म्हणा, लहान पोरगंही बोट दाखवेल. त्याचं पूर्ण नाव शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. दाजींना ते नाव फार आवडलं. कमानीपाशी थांबून त्यांनी फोटो काढून घेतला.

आत जाताना अंगझडती कसून होते. पाण्याच्या बाटल्या, मोठ्या बॅगा, पॉवर बँक यातलं काही सोबत नेऊ नका, दारातच ठेवावं लागतं आणि परत मिळेल याची खात्री नसते. आमची शेंगाचटणी आणि कडक भाकरी आम्ही नायगावातच संपवून निघालो होतो. फोन पूर्ण चार्ज ठेवा, तिकीट त्यातच असतं आणि आत नेटवर्क सुस्त होतं, म्हणून तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. सुट्ट्या नोटा खिशात असू द्या.

हे मैदान लहान आहे, सुमारे सात हजार माणसांचं. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम याच्या कैक पटींनी मोठं. पण लहान असण्याचा फायदा असा की खेळाडू अगदी समोर दिसतात. बूट चेंडूला लागल्याचा आवाज येतो. राहुल भेके आपल्या बचावफळीला ओरडून काय सांगतोय ते हावभावावरून कळत होतं. भेके मुंबईचाच पोरगा आणि तेव्हा संघाचा कप्तान. जयेश राणेही मुंबईचा. ही आडनावं लाउडस्पीकरवर आली की आपल्यासारख्यांना आपलं कुणीतरी आत आहे असं वाटतं.

'वेस्ट ब्लॉक ब्लूज' हा मुंबई सिटीचा जुना समर्थक गट. ढोल, झेंडे आणि गाणी सगळं त्यांच्याकडून सुरू होतं. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या मधोमध बसू नका, कारण ते बसतच नाहीत. नव्वद मिनिटं उभं राहायचं आणि ओरडायचं, हा त्यांचा नियम. त्यांच्या बाजूच्या ब्लॉकमध्ये जागा घ्या, आवाज तेवढाच मिळतो आणि पोरांना पुढचं दिसतं. गोव्याचे समर्थकही आले होते, केशरी जर्सी घालून एका कोपऱ्यात. संख्येने थोडे, पण घसा जबरदस्त.

पहिला हाफ ०-०. तुम्ही म्हणाल, मुंबई ३-२ ने पुढेच होती, मग कसली काळजी? काळजी अशी की गोव्याने एक गोल मारला की बरोबरी, आणि बाहेरच्या मैदानावरच्या गोलांना आता वेगळं वजन नाही. बरोबरी म्हणजे जादा वेळ. त्यामुळे गोव्याचा चेंडू आपल्या अर्ध्यात आला की सात हजार माणसं एकदम गप्प व्हायची. माझ्या पुढच्या रांगेत एक काका होते, केस पांढरे, जुनी फिकट जर्सी. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हापासून येतात म्हणाले. त्या पहिल्या हंगामात अनेल्का आणि ल्युंगबर्ग मुंबईकडे होते, तेव्हा लोक नावं बघायला यायचे, असं त्यांचं म्हणणं. मग म्हणाले, "२०२१ला कप जिंकलो, तेव्हा मी घरात एकटा होतो." तो कप फातोर्ड्यालाच जिंकला होता, एटीके मोहन बागानविरुद्ध २-१ असा, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगच्या गोलवर. पण कोविडमुळे स्टँड रिकामे होते. जिंकलेला संघ ट्रॉफी उंचावतोय आणि टाळ्या वाजवायला प्रेक्षक नाही. त्या माणसाने तीन वर्षं तेवढंच मनात धरून ठेवलं होतं, त्याला कपाच्या वाटेवरचा विजय माणसांत बसून बघायचा होता.

दाजी पहिला अर्धा तास शांत होते. पुतणी त्यांना समजावत होती, "मामा, तो पुढे उभा होता ना, म्हणून ऑफसाइड." दाजी मान हलवायचे. मग कधीतरी ते पुढे सरकून बसले. कुस्तीवाला माणूस, त्यामुळे चेंडूपेक्षा पायांकडे बघत होता. कोण दमलाय, कोणाचा तोल गेलाय, कोण उगाच रेटारेटी करतोय, हे त्यांना आमच्या आधी कळायचं. "तो उजवीकडचा थकला बघ, तिकडनंच जाणार हे," असं ते म्हणाले.

६९व्या मिनिटाला पेरेरा डियाझने गोल केला. आवाज आला असं म्हणणं अपुरं आहे. आधी एक क्षण कुणालाच खात्री नव्हती, सगळे लाइनमनच्या झेंड्याकडे बघत होते. झेंडा खाली आहे हे दिसलं आणि मग स्टँड हलला, खरोखर पायाखालचं सिमेंट थरथरलं. पुढचे काका उलटे वळले आणि त्यांनी मला मिठी मारली. पुतणी खुर्चीवर उभी होती. आणि दाजी, ज्यांना मी आजवर कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, ते दोन्ही हात वर करून ओरडत होते. शब्द काहीच नव्हते.

त्यानंतर गाणी थांबलीच नाहीत. ८३व्या मिनिटाला छांगटेने दुसरा मारला, तेव्हा मोबाइलचे दिवे लागले आणि गोव्याच्या कोपऱ्यातलेही बरेच जण टाळ्या वाजवत होते. मला ते फार मोठं वाटलं. चार-पाच दिवसांपूर्वी त्यांच्याच मैदानावर शेवटच्या सहा-सात मिनिटांत त्यांचा घास गेला होता. तरी ती पोरं इथवर आली, शेवटपर्यंत उभी राहिली आणि जाताना आमच्या पोरांशी हात मिळवून गेली. एकूण ५-२. शिट्टी झाल्यावर खेळाडू समर्थकांच्या बाजूला आले आणि ढोलाच्या ठेक्यावर टाळ्या वाजवत राहिले. हे बघायला मिळावं म्हणूनच परतीच्या तिकिटाचं मी पहिल्याच ओळीत सांगितलं.

बाहेर पडताना घाई करू नका. आझाद नगरच्या जिन्यावर गर्दी होते, वीस मिनिटं थांबलात तर निवांत जाल. मेट्रो आणि लोकल तेव्हा चालू असतात. अंधेरीत रिक्षा मिळते, पण ती बांद्र्याच्या पुढे, दादर-नायगावकडे जात नाही, हे आपल्याकडच्या लोकांना पटकन लक्षात येत नाही. रात्री नायगावलाच मुक्काम केला आणि मंगळवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांच्या वंदे भारतने परत निघालो. कुर्डुवाडी गेलं तरी दाजी शेजारच्या प्रवाशाला ऑफसाइड समजावत होते.

फायनल ४ मे ला कोलकात्यात होती, समोर मोहन बागान. तिथवर जाणं आम्हाला जमणार नव्हतं, आणि आमच्याकडे ७ मे ला मतदान, म्हणून शहरात प्रचाराची धामधूम. मग जुळे सोलापुरातल्या चुलतभावाच्या गच्चीवर बेत केला. दिवसभर तापलेल्या गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं, चादरी अंथरल्या, भिंतीवर पांढरा पडदा लावला. असा बेत करणार असाल तर एक नियम ठेवा: सगळ्यांनी एकच स्क्रीन बघायची आणि बाकीचे फोन खिशात. आम्ही बघत होतो त्या जिओ सिनेमावर प्रक्षेपण काही सेकंद मागे असायचं, आणि कुणाच्या तरी फोनवर गोलाचा मेसेज आधी आला की अख्ख्या गच्चीचा विरस होतो.

४४व्या मिनिटाला कमिंग्सने मोहन बागानला पुढे नेलं. साठ हजारांच्या घरातलं सॉल्ट लेक गरजत होतं आणि आमची गच्ची गप्प. १५ एप्रिलला याच मैदानावर, याच संघाकडून हरून मुंबईने लीग शील्ड, म्हणजे साखळी टप्प्यात पहिल्या येणाऱ्या संघाचा मान, गमावली होती, ती सल ताजी होती. ५३व्या मिनिटाला डियाझने बरोबरी केली. ८१व्या मिनिटाला बिपिन सिंग. पुन्हा बिपिन, पुन्हा फायनल, पुन्हा मोहन बागान. आणि ९७व्या मिनिटाला वोय्टुसचा तिसरा. मला मात्र सगळ्यांत जास्त बरं वाटलं ते तिरीसाठी. २०२१च्या फायनलमध्ये तो मोहन बागानकडून खेळत होता आणि त्याच्याच स्वयंगोलामुळे मुंबईला बरोबरी मिळाली होती. आता तो मुंबईच्या बचावात उभा राहून कप जिंकत होता.

शेजारच्या गच्चीवरची माणसं काय झालं म्हणून डोकावली. "काय करलालास बे, निवडणूक जिंकली का?" एकाने विचारलं. दाजींनीच त्याला सगळं सांगितलं, पहिल्या सामन्यापासून. आचारसंहिता होती म्हणून फटाके नाहीत, मिरवणूक नाही. पोरांनी ताटल्या वाजवल्या आणि आम्ही सात रस्त्याला जाऊन आइस्क्रीम खाल्लं.

पुढे कधी यायचं असेल त्यांच्यासाठी शेवटचं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, पण नॉकआउटमध्ये कोण पोचणार हे लीग संपेपर्यंत कळत नाही. त्यात हे सामने २०२४ सारखे एप्रिल-मेमध्ये आले तर ऐन सुट्टीचा काळ, गाड्या भरलेल्या. म्हणून तत्काळचीच तयारी ठेवा: वातानुकूलित डब्यांचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. दोघांनी दोन फोनवरून एकाच वेळी प्रयत्न करा, प्रवाशांची नावं आधीच भरून ठेवा. मॅचचं तिकीट मात्र विक्री सुरू झाल्या झाल्या घ्या, गाडीची वाट बघत थांबू नका. सात हजारांचं मैदान लवकर भरतं, आणि गाडी नाहीच मिळाली तर बस आहे.