सॅल्मोनेलाचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी का मिळत नाही

नमुना सकाळी लॅबमध्ये पोचला की बरेचदा दुपारीच फोन येतो, "मॅडम, सॅल्मोनेलाचं काही कळलं का?" विचारणाऱ्याची घाई खरी असते. माल अडकलेला असतो, पुढची तारीख दिलेली असते. मी सांगते, निगेटिव्ह असेल तर चौथ्या दिवशी कळेल, जिवाणू वाढवायच्या प्लेटवर संशयास्पद काही दिसलं तर आणखी दोन-तीन दिवस धरा. यापुढचं फोनवर सांगणं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. या चार दिवसांतला कुठला वेळ वाचवता येतो आणि कुठल्या वेळेला हात लावायचा नाही, हे नमुना पाठवणाऱ्यालाही ठाऊक असावं असं मला फार वाटतं.

बहुतेक जिवाणूंच्या बाबतीत आम्ही मोजणी करतो, ग्रॅममागे किती ते सांगतो. अन्नातून पोटाचा आजार पसरवणाऱ्या सॅल्मोनेला जिवाणूचं तसं नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की २५ ग्रॅममध्ये आहे की नाही. त्या २५ ग्रॅममध्ये एकच जिवंत पेशी असली तरी ती सापडली पाहिजे, आणि तिच्याभोवती निरुपद्रवी जिवाणू लाखांनी असू शकतात. शिवाय ती पेशी धडधाकट असेलच असं नाही. दूध पावडर करताना ती गरम हवेतून गेलेली असते, मसाल्यात महिनोन्‌महिने कोरडी पडलेली असते, नाहीतर फ्रीजरमध्ये गोठलेली असते. तिचं आवरण फाटलेलं असतं, आतली यंत्रणा बिघडलेली असते, पण ती मेलेली नसते.

अशा मोजक्या पेशी काय करू शकतात, याचं एक उदाहरण मी नवीन मुलांना नेहमी सांगते. १९७३-७४ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत चॉकलेटमधून सॅल्मोनेला ईस्टबोर्न या प्रकाराची साथ पसरली. चॉकलेटमध्ये ग्रॅममागे अगदी थोड्याच पेशी होत्या, तरी माणसं आजारी पडली, आणि त्यांत लहान मुलं बरीच होती. चॉकलेटमधली चरबी जिवाणूला पोटातल्या आम्लापासून वाचवते, म्हणून इतकी कमी संख्याही पुरते. कोरड्या आणि स्निग्ध पदार्थांचा नमुना आला की मी जास्त सावध होते, ते यामुळेच.

आता पहिला दिवस. आयएसओ ६५७९-१ या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पातळ द्रवात (ब्रॉथमध्ये) घालायचा, स्टोमॅकरमध्ये (पिशवी दाबून नमुना मिसळणाऱ्या यंत्रात) मिसळून घ्यायचा आणि ३४ ते ३८ अंशांवर साधारण १८ तास ठेवायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की इथे काहीच घडत नाहीये, रात्रभर पिशवी इनक्युबेटरमध्ये नुसती पडून आहे. माझ्या मते सगळी चाचणी या रात्रीवर उभी आहे. या ब्रॉथमध्ये कुठलंही विष नाही, कुणाला रोखणारं रसायन नाही. पेप्टोन आहे, मीठ आहे आणि फॉस्फेटचा बफर आहे, म्हणजे बाकीच्या जिवाणूंनी आम्ल सोडलं तरी ब्रॉथ एकदम आंबट होत नाही. लांबच्या आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी डोंगर चढायला लावत नाहीत, तसंच हे. जखमी पेशीला आधी स्वतःची डागडुजी करू द्यायची, मग वाढू द्यायचं. हे न करता तिला थेट निवडक माध्यमात, म्हणजे बाकीच्या जिवाणूंना रोखणाऱ्या कडक द्रवात टाकलं तर ती तिथेच मरते आणि आपण रिपोर्टवर 'आढळला नाही' असं लिहून मोकळे होतो.

या पायरीत दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होताना मी पाहिलंय. एक म्हणजे ब्रॉथचं तापमान. २५-२५ ग्रॅमचे १५ नमुने एकत्र करून ३७५ ग्रॅमची चाचणी करायची असेल तर ब्रॉथ लागतं ३३७५ मिलिलिटर. एवढं ब्रॉथ थंडगार वापरलं तर त्याला ३७ अंशांवर यायलाच कित्येक तास लागतात. कागदावर १८ तास भरतात, पेशीला मात्र त्यातले निम्मेही मिळत नाहीत. म्हणून ब्रॉथ आधीच गरम करून घ्यायचं. यात सवलत नाही.

दुसरी गोष्ट खुद्द पदार्थाची. लसूण पावडर, कांदा पावडर, दालचिनी, लवंग, ओरेगॅनो यांच्यात जिवाणूंची वाढ रोखणारी द्रव्यं असतात. लवंगेचा नमुना नेहमीच्या १:९ प्रमाणात टाका, दुसऱ्या दिवशी पिशवी उजेडात धरा. तळाशी लवंगेचा चुरा आणि वरचं ब्रॉथ रंगाने तपकिरी, पण गढूळपणा जवळपास नाही. काहीही वाढलेलं नाही. ते बघून काही जणांना नमुना स्वच्छ आहे असं वाटतं. मला उलट धास्ती वाटते, कारण नैसर्गिक मसाल्यात एकही जिवाणू वाढू नये हे शंकास्पदच आहे. अशा निगेटिव्हला अर्थ नसतो, लवंगेने चाचणीच बंद पाडलेली असते. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न-औषध प्रशासनाच्या) मॅन्युअलमध्ये यावर स्पष्ट उपाय दिलेत. लसूण-कांदा पावडरसाठी ब्रॉथमध्ये पोटॅशियम सल्फाइट घालायचं. दालचिनी, ओरेगॅनो यांच्यासाठी नमुन्याच्या शंभरपट ब्रॉथ आणि लवंगेसाठी हजारपट. म्हणजे २५ ग्रॅम लवंगेला २५ लिटर ब्रॉथ! इनक्युबेटरमध्ये तेवढी जागा करणं सोपं नसतं, पण पातळ करण्याखेरीज दुसरा मार्ग तिथे नाही. कोकोच्या बाबतीत ब्रॉथमध्ये स्किम मिल्क पावडर घालतात. दुधातलं केसीन कोकोतली घातक द्रव्यं बांधून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी निवड सुरू होते. रात्रभरच्या ब्रॉथमधला ०.१ मिलिलिटर आरव्हीएस ब्रॉथच्या १० मिलिलिटरमध्ये जातो आणि १ मिलिलिटर एमकेटीटीएन ब्रॉथच्या १० मिलिलिटरमध्ये. ही दोन्ही निवडक ब्रॉथ. आरव्हीएसमध्ये मॅलाकाइट ग्रीन आहे, मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर आहे, पीएच खाली आहे आणि तापमान ४१.५ अंश. इतक्या कडक परिस्थितीत सॅल्मोनेला तग धरतो आणि बाकीचे बरेच मागे पडतात. दुसऱ्यात टेट्राथायोनेट, पित्तक्षार आणि नोव्होबायोसिन. दोन वेगळी ब्रॉथ घेतात, कारण सॅल्मोनेलाचे २५०० हून जास्त सेरोव्हार (उपप्रकार) आहेत आणि सगळ्यांना एकच ब्रॉथ मानवत नाही. इथे ०.१ म्हणजे ०.१च. हात सैल सोडून जास्त टाकलं तर सोबत पेप्टोन जास्त जातं आणि ब्रॉथचा कडकपणा कमी होतो.

तिसऱ्या दिवशी स्ट्रीकिंग, म्हणजे ब्रॉथचा थेंब प्लेटवर रेघा ओढून पसरवणं, आणि चौथ्या दिवशी प्लेट वाचणं, हा माझा सगळ्यात आवडता भाग. प्लेटमधलं घट्ट माध्यम, एक्सएलडी अगार, १९६५ मध्ये वेल्टन टेलर या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने मांडलं. इतक्या वर्षांनीही मला त्याच्या रचनेचं कौतुक वाटतं. माध्यम मुळात लाल. सॅल्मोनेला आधी त्यातली झायलोज साखर खातो, आम्ल तयार होतं, रंग पिवळ्याकडे झुकतो. झायलोज संपली की तो लायसिनकडे वळतो, त्यातून अल्कली तयार होते आणि रंग पुन्हा लाल होतो. ई. कोलायला लॅक्टोज आणि सुक्रोजही पचतात, त्यामुळे त्याचं आम्ल थांबतच नाही आणि त्याच्या कॉलनी (प्लेटवर दिसणारे जिवाणूंचे ठिपके) पिवळ्याच राहतात. वर थायोसल्फेट आणि लोहाचा क्षार आहे, त्यामुळे हायड्रोजन सल्फाइड सोडणाऱ्या कॉलनीच्या मधोमध काळा ठिपका उमटतो. प्लेट तिरकी करून दिव्यासमोर धरली की नमुनेदार कॉलनी ओळखता येते. मध्यभागी चकचकीत काळं आणि भोवती लालसर, जरासं पारदर्शक कडं.

हे माध्यम ऑटोक्लेव्ह करायचं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं) नाही, फक्त उकळी येईपर्यंत तापवायचं. जास्त तापवलं तर ते फाटतं आणि असल्या प्लेटवर काय दिसेल याची खात्री नसते.

पण एक्सएलडीवर एकट्यावर विसंबता येत नाही. सॅल्मोनेलाचे काही प्रकार हायड्रोजन सल्फाइड सोडत नाहीत, त्यांच्या कॉलनी नुसत्याच गुलाबी दिसतात. काही लॅक्टोज पचवतात, ते पिवळ्यांच्या गर्दीत हरवतात. उलट प्रोटियस आणि सिट्रोबॅक्टर काळा ठिपका दाखवून फसवतात. म्हणून वेगळ्या तत्त्वावर चालणारी दुसरी प्लेट सक्तीची आहे. सोबत पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे मुद्दाम सॅल्मोनेला घातलेला पडताळणीचा नमुना, असतोच, आणि त्यासाठी सॅल्मोनेला नॉटिंगहॅमसारखा अन्नात सहसा न सापडणारा प्रकार वापरलेला बरा. नमुन्यात तोच निघाला तर तो कंट्रोलमधून उडून आलाय हे लगेच कळतं.

संशयित कॉलनी शुद्ध करून मग खात्री करायची. टीएसआय या साखरा आणि लोह असलेल्या माध्यमाच्या नळीत तळ पिवळा, उतार लाल आणि मध्ये काळं. युरिया अगारचा रंग बदलायला नको. तो गुलाबी झाला तर प्रोटियसचा संशय घ्यायचा. शेवटी स्लाइडवर अँटीसेरमचा, म्हणजे सॅल्मोनेलाच्या गुठळ्या करणाऱ्या द्रवाचा थेंब. आधी नुसत्या सलाइनमध्ये कॉलनी मिसळून बघायची, तिथेच गुठळ्या झाल्या तर पुढचं वाचनच बाद. सलाइन एकसारखं दुधाळ राहिलं आणि अँटीसेरममध्ये स्लाइड हलवताना काही सेकंदांत पांढरे कण वेगळे झाले, तर मी शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून दाखवते. पॉझिटिव्ह रिपोर्ट दोघांच्या डोळ्यांखालून जावा, असा माझा आग्रह असतो.

"मग पीसीआर का नाही करत?" हा पुढचा प्रश्न. पीसीआर म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी. करतो, आणि मला पीसीआर हवाच आहे. सॅल्मोनेलाचा आयएनव्हीए जीन शोधणारी चाचणी काही तासांत उत्तर देते आणि निवडक ब्रॉथ, प्लेट यांत जाणारे दिवस वाचवते. पण पीसीआरला मिलिलिटरमागे साधारण हजार ते दहा हजार पेशी लागतात, आणि २५ ग्रॅममधली एक पेशी तिथवर पोचायला वाढवावीच लागते. शिवाय मेलेल्या पेशीचा डीएनएही पीसीआरला दिसतो, म्हणून पॉझिटिव्ह आला की जिवंत कॉलनी काढून दाखवणं भाग असतं. काही किटमध्ये पहिली वाढ कमी तासांची असते. त्या विशिष्ट पदार्थावर आयएसओ १६१४० या चाचणी-पद्धती पडताळणीच्या मानकाप्रमाणे पडताळणी झाली असेल तर ते मला मान्य आहे. मांसावर तपासलेला वेळ दूध पावडरला लावणं मात्र मान्य नाही.

लॅबच्या आत कितीही काटेकोर राहिलं तरी नमुना किती घेतला हा प्रश्न उरतोच. समजा एका लॉटमधले १ टक्का भाग दूषित आहेत. पाच नमुने तपासले तर दूषित लॉट सुटून जाण्याची शक्यता ९५ टक्के. साठ नमुने तपासले तरी ५५ टक्के. दूषित भाग ५ टक्के असतील तर साठ नमुन्यांत तो सापडण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर जाते. एक पाकीट पाठवून 'अख्खा लॉट पास' असं सर्टिफिकेट मागणाऱ्यांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते. कारखान्यातली फरशी, गाळण्या, ड्रायरच्या आसपासची धूळ यांचे स्वॅब नियमित घेणं, हे तयार मालाच्या एका नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातं.

नमुना पाठवताना त्यामुळे माझी एवढीच मागणी असते. गोठवलेला पदार्थ गोठलेलाच पोचवा, वाटेत वितळून पुन्हा गोठवू नका. पावडर असेल तर मूळ बंद पाकीट द्या. आणि फॉर्मवर नुसतं 'मिश्रण' लिहू नका. त्यात लसूण, कांदा, लवंग, दालचिनी, कोको यांपैकी काहीही असेल तर प्रमाणासकट लिहा. ब्रॉथ कुठलं घ्यायचं आणि किती, हे आम्हाला त्यावरूनच पहिल्या सकाळी ठरवावं लागतं.