घटोत्कच माझ्या डाव्या हातात

महाभारत तर आपलंच, त्यात नवीन काय शिकायचं, अशा तोऱ्यात मी इंडोनेशियात, बांडुंगजवळच्या जेलेकोंगला पोचलो. वायांग गोलेकचं, म्हणजे पश्चिम जावातल्या सुंदानी लोकांच्या काठीबाहुल्यांचं हे गाव. चेपोत या लालतोंड्या सोंगाड्याचा जबडा हलता करणारे आसेप सुनंदर सुनार्या (१९५५–२०१४) इथलेच.

मी ज्यांच्याकडे बाहुल्या शिकायला गेलो त्या गुरुजींना सगळे ‘अबाह’, म्हणजे बाबा, म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी माझ्या डाव्या हातात घटोत्कच दिला. मधली काठी धडातून थेट डोक्यात जाते. ती फिरवली की मान वळते. उजव्या हातात दोन बारीक काठ्या, त्याच्या हातांच्या. दालांग, म्हणजे आपला सूत्रधार, हे सगळं करताना पायाने केच्रेकच्या धातूच्या पट्ट्या वाजवतो आणि सगळ्या पात्रांचे आवाजही एकटाच काढतो, तेही रात्रभर. माझ्या घटोत्कचाने पहिले चार दिवस नुसती मान वळवली. तीही लकवा भरल्यासारखी.

कथेवरून वादही घातला. द्रौपदीला पाच नवरे, असं मी ठासून सांगितलं. अबाहांनी कानाला हात लावला! इथे ती एकट्या युधिष्ठिराची बायको. श्रीकांडी, म्हणजे आपला शिखंडी, इथे धनुर्धारी स्त्री, आणि अर्जुनाची पत्नी. दोन दिवस मी हटून बसलो, मग गुमान ऐकू लागलो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहताना मी कुठे कुणाला पोथी दाखवली होती?

खरी फजिती गामेलानने, म्हणजे साथीच्या धातूच्या वाद्यांच्या आणि ढोलांच्या ताफ्याने केली. वाद्यं ओलांडायची नाहीत, वळसा घालून जायचं, तेवढं जमलं. पण स्वर? दा, मी, ना, ती, ला. यातला पहिला दा सगळ्यात वरचा, तिथून खाली उतरायचं. सा पासून चढायची सवय असलेला माणूस जिना उलटा उतरताना अडखळणारच. त्यात कंदांगवाला टाच चामड्यावर दाबून ढोलाचा आवाज बदलत होता, माझं निम्मं लक्ष त्याच्या पायाकडे.

आणि मोठा गोंग! आपली सम पहिल्या मात्रेवर. इथे गोंग आवर्तनाच्या शेवटच्या ठोक्यावर पडतो, सगळा भार तिथे. माझं डोकं त्यालाच ‘एक’ म्हणे आणि पुढचं सगळं एका घराने सरके.

तरी एका लग्नाच्या खेळात, पहाटे तीनच्या सुमारास, अबाहांनी मला गोंगपाशी बसवलं. घटोत्कच आकाशात झेपावला, मी मोजत राहिलो, आणि एक मात्रा उशिरा ठोका घातला. रंगमंचावरचा चेपोत सावकाश माझ्याकडे वळला. जबडा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

“कांग इंडिया (म्हणजे इंडियादादा), घटोत्कच उतरून घरी जाऊन जेवलासुद्धा!”

सगळा मांडव हसला. सगळ्यात मोठ्याने कंदांगवाला.