तुम्ही विचारलंत म्हणून: कराटेच्या क्लासवर घर चालतं का?

गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळची बॅच सुटेपर्यंत हॉलबाहेर थांबला होता. वय चोवीस, ब्लॅक बेल्ट, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी. मुलं पांगल्यावर म्हणाला, "मॅडम, नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढावा म्हणतोय. घर चालतं का हो यावर?" वर्षाकाठी दहा-बारा जण तरी हे विचारतात.

चालतं. माझं सतरा-अठरा वर्षं चाललंय. पण आकड्यांसकट सांगते, कारण मला ते कुणी सांगितले नव्हते.

सांगलीत विश्रामबागला भाड्याचा हॉल आहे. वर्षभराची सरासरी धरली तर 110 मुलं. तीन महिन्यांची फी एकदम घेते, भावंडांना सवलत देते, ते धरून महिन्याला साधारण 77 हजार जमतात. त्यातले 16 हजार भाड्याचे, दोन सहायकांना मिळून 12 हजार, लाईटबिल, साफसफाई, दुरुस्ती यात चार हजार, आणि सात हजार बाजूला टाकते. उरतात 38 हजार. मार्चमध्ये परीक्षांमुळे हॉल निम्मा रिकामा होतो, एप्रिल-मेच्या सुट्टीत तुडुंब भरतो. सुट्टीतली गर्दी बघून मोठा हॉल घ्यायचा नाही. हिशेब मार्चच्या मुलांवरच धरायचा.

पैशाचा विषय काढला की कुणीतरी तालमीचा दाखला देतं. वस्ताद कुठे फी घ्यायचे? पण त्या तालमींमागे संस्थानं उभी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं. ज्यांनी आमची शोतोकान ही कराटेची शैली घडवली ते गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले, तेव्हा नुसत्या कराटेवर त्यांचंही भागत नव्हतं. विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात राहून ते राखणदारी करत, अंगण झाडत, बागेचं बघत. वयाची पन्नाशी उलटलेला, आयुष्य शाळामास्तरकीत घालवलेला माणूस. हे वाचल्यापासून फी मागताना माझी मान खाली जात नाही. शिकवणाऱ्याचं पोट भरलेलं असेल तरच तो नीट शिकवेल.

मात्र पैसा कुठून येतो, यावर सगळं अवलंबून आहे. इथे मी चुकले होते.

सुरुवातीला मासिक फी कमी ठेवली होती, सगळ्यांना परवडावी म्हणून. तूट भरून निघायची बेल्ट परीक्षेतून. दर तीन महिन्यांनी परीक्षा, मुलामागे सातशे रुपये, परीक्षेच्या महिन्यात दोन महिन्यांचं भाडं सुटायचं. 2015 ला ब्लू बेल्टच्या परीक्षेत एक मुलगा होता, सहावीतला, गोड. लाथ मारताना टेकलेल्या पायाची टाच उचलली जायची. हेयान योंदान काता, म्हणजे वार-बचावांची ठरलेल्या क्रमाची मालिका, करताना प्रत्येक वळणाला शेजारच्या मुलाकडे एक चोरटी नजर, मग वळणार. मला ते दिसत होतं. पण नापास केलं तर वडील त्याला काढतील, आणि त्याच्यामागून त्याच्या सोसायटीतली चार मुलंही जातील, हा हिशेब डोक्यात होता. पास केलं.

दोन महिन्यांनी मिरजेला स्पर्धा होती. त्याची पाळी आली, मॅटवर एकटाच उभा राहिला, काताचं नाव घेतलं, सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या वळणाला थांबला. मान डावीकडे वळली. तिथे शेजारी कुणी नव्हतं. हात तसेच धरून तो उभा राहिला, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. कमरेला मी बांधलेला निळा पट्टा होता. तो मुलगा पुन्हा क्लासला आला नाही.

त्या वर्षीच मी मासिक फी वाढवली आणि परीक्षेची फी साडेतीनशेवर आणली. त्यात परीक्षकांचं मानधन, पट्टा आणि सर्टिफिकेट एवढंच निघतं, मला एक रुपया राहत नाही. परीक्षा वर्षातून दोनदाच. काता करताना चौघांना चार भिंतींकडे तोंड करून उभं करते. पहिल्याच परीक्षेत नऊ मुलं नापास झाली, त्यातली पाच सोडून गेली. फार कठीण वर्ष गेलं. पण राहिलेल्या चौघांतल्या दोघी आज माझ्या सहायक आहेत. ज्या क्लासचं भाडं परीक्षेतून निघतं, त्या क्लासच्या सरांना मुलाला "अजून नाही" म्हणता येत नाही. सर कितीही सज्जन असोत.

जाहिरातीवर मी जवळजवळ खर्च करत नाही. नवी मुलं जूनमध्ये येतातच. क्लास टिकतो तो जुन्यांवर, आणि जुनी गळतात ती ग्रीन बेल्टच्या आसपास, नव्याची नवलाई संपल्यावर. मुली गळतात आठवीत. "आता मोठी झाली, संध्याकाळी नको." अशा घरी मी स्वतः जाते, आईशी बोलते. आठवी ते दहावीच्या मुलींची बॅच सकाळी साडेसहाला ठेवली, ट्यूशनच्या आधी. तिथे आज एकवीस मुली आहेत. धंदा म्हणून बघितलं तरी ही बॅच सगळ्यात पक्की, मार्चमध्येसुद्धा तीनपेक्षा जास्त मुली गैरहजर नसतात. आणि मला विचाराल तर ती नुसता धंदा नाही, मी हा क्लास काढला तो त्यांच्यासाठी.

बाजूला टाकायच्या सात हजारांचं सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45. तेव्हा माझा हॉल गावभागात, तळमजल्यावर होता. पाणी उतरल्यावर मॅट धुतल्या, गच्चीवर वाळवल्या. सांध्यांत बसलेला गाळ काही निघेना, वास जाईना. सगळ्या टाकल्या. नव्या घेऊन विश्रामबागला बस्तान बसवतेय तोवर मार्च 2020 आला आणि हॉलला कुलूप लागलं. शिल्लक शून्य. पाटल्या गहाण ठेवल्या, सोडवायला दोन वर्षं लागली. आता सहा महिन्यांचं भाडं वेगळ्या खात्यात आहे, त्याला हात लावत नाही.

त्या पोराला मी नोकरी सोड म्हटलं नाही, सोडू नको असंही नाही. एक वर्ष कुपवाडला संध्याकाळी एकच बॅच घे म्हटलं, आणि मार्चमध्ये किती मुलं येतात ते मला येऊन सांग. शिकवायचा सराव हवा म्हणून शनिवार-रविवारी माझ्याकडे ये. तो म्हणाला, "येतो मॅडम, पैसे नकोत, सेवा समजा." मी म्हटलं, पैसे घेणार असशील तरच ये. दोन दिवसांचे तीन हजार, एक तारखेला.

परवा शनिवारी तो सव्वासहालाच आला आणि मॅट पुसायला लागला.