दोह्यात स्नूकर बघायला जाताय? साखळी सामने चुकवू नका

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्याला आयबीएसएफची (आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स आणि स्नूकर महासंघाची) हौशी खेळाडूंची जागतिक स्नूकर स्पर्धा झाली आणि महिला गटात चेन्नईची अनुपमा रामचंद्रन जिंकली, हे पेपरात वाचलं असेलच. भारतीय महिलेने हे विजेतेपद पहिल्यांदाच मिळवलं. फायनलला मी घरी परतले होते, फक्त स्कोअर बघत बसले. त्याची फारशी हळहळ वाटली नाही, कारण जे बघायला गेले होते ते साखळी फेरीत पोटभर बघून झालं होतं.

हौशी स्पर्धेत साखळीचे सामने एकाच वेळी अनेक टेबलांवर चालतात. टीव्हीवर दिसतो तसला अंधार, झगमगाट, स्टेडियम असं काही नसतं. ओळीने टेबलं, प्रत्येकावर दिवे, आणि आपण खेळाडूपासून चार पावलांवर. पांढरे हातमोजे घातलेला रेफरी बॉल उचलून पुसतो तेसुद्धा दिसतं. बारा फुटांचं टेबल केवढं मोठं असतं हे टीव्हीवर कधीच कळत नाही. रेस्टशिवाय (म्हणजे क्यू, खेळायची काठी, टेकवायच्या लांब दांडीशिवाय) बॉल गाठता यावा म्हणून बुटक्या मुलींना एक पाय टेबलाच्या कडेवर टाकून आडवं व्हावं लागतं, दुसरा जमिनीला टेकलेलाच पाहिजे, नाहीतर फाउल.

कुठलं टेबल निवडायचं? सगळी गर्दी मोठे ब्रेक मारणाऱ्यांकडे, म्हणजे एका खेपेत भरपूर गुण करणाऱ्यांकडे पळते. मी मुद्दाम उलटं केलं. एका टेबलावर दोघीजणी कितीतरी वेळ नुसती सेफ्टी खेळत होत्या. क्यू बॉल (पांढरा) पुन्हा पुन्हा बॉकच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या टोकाच्या कुशनला चिकटवायचा, हिरवा-तपकिरी-पिवळ्याच्या आड लपवायचा, आणि समोरचीने चुकायची वाट बघायची. खुर्चीत बसलेली मुलगी पाणी पीत नव्हती, इकडेतिकडे बघत नव्हती, टॉवेलने क्यू पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. शेवटी एक रेड (लाल बॉल) अर्ध्या इंचाने उघडा राहिला आणि तेवढ्यावर फ्रेम, म्हणजे तो डाव गेला. पॉटिंग (बॉल खिशात टाकणं) सगळ्यांनाच येतं हो, इथे निकाल असा लागतो.

आता कामाचं. मुंबईहून दोहा थेट विमानाने साधारण चार तास. भारतीय पासपोर्टवर व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, पण हॉटेलचं बुकिंग त्यांच्या ठरवून दिलेल्या पोर्टलवरूनच लागतं आणि परतीचं तिकीटही. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा बघून घ्या. स्वतःचा क्यू नेत असाल तर तो चेक-इन सामानात कडक केसमध्ये घाला, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. शहरात मेट्रो स्वस्त आणि चकाचक आहे. साध्या डब्याचं एका फेरीचं भाडं २ रियाल, दिवसभराचा पास ६ रियाल. शुक्रवारी मात्र ती उशिरा सुरू होते, सकाळचा सामना असेल तर टॅक्सीचा खर्च धरा. चार्जरसाठी ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. जेवणाची चिंता नको, मल्याळी हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, कडक चहा तर कुठेही.

हॉलमध्ये एसी इतका की बाहेर नोव्हेंबरची छान हवा असूनही स्वेटर लागला. फोन सायलेंट, फ्लॅश बंद, आणि खेळाडू शॉट घेत असताना तिच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं नाही. उठायचं असेल तर फ्रेम संपेपर्यंत थांबा. पाच फ्रेमचा सामना घासून झाला तर तीन तासही जातात, मध्ये काही खाऊन घ्या.

अनुपमाच्या फायनलची थोडी पूर्वपीठिका माहीत असली तर मजा वाढते. समोर हाँगकाँगची एनजी ऑन-यी. हिनेच २०१७ मध्ये सिंगापूरला महिलांच्या जागतिक स्पर्धेच्या फायनलमध्ये आपल्या विद्या पिल्लईला ६-५ असं हरवलं होतं, आणि ती जखम आमच्यासारख्यांच्या मनात अजून ओली होती. दोह्यात अनुपमा पहिली आणि तिसरी फ्रेम हरली, दुसरी-चौथी जिंकली. पाचवी ६८-६०. आठ गुणांचा फरक, म्हणजे काळा बॉल (सात गुण) आणि वर एक! सगळा सामना ३-२.

पुण्याच्या अरांचा सांचिसमुळे आपल्याकडे महिला क्यूइस्ट (बिलियर्ड्स-स्नूकर खेळणाऱ्या) हा प्रकार निदान ऐकून माहीत आहे, पण सामन्याला प्रेक्षक म्हणून जाणारे कमीच. हातात एकच दिवस असेल तर तो बाद फेरी सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचा ठेवा. गटातून कोण पुढे जाणार हे त्या दिवशी ठरतं, आणि एकेका फ्रेमसाठी मुली जीव टाकतात. वेळापत्रक आदल्या रात्री बघा. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तेव्हा घरच्यांना सकाळी दहाच्या सामन्याचा लाइव्ह स्कोअर बघायला सांगायचं असेल तर साडेबाराची आठवण लावून द्या.