तुम्ही विचारलंत म्हणून: कोणतं गणित आपण पुन्हा तपासतो?

मी संख्याशास्त्र शिकवते. विज्ञान आणि कलेच्या इतिहासावर अधूनमधून बोलतेही. बोलणं संपलं की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, माणसाचं राजकारण त्याच्या विज्ञान, शिक्षण, कलेबद्दलच्या मतांत उतरतं, हे मान्य. पण शिकलेला, आकडे कळणारा माणूस तरी यातून सुटत असेल ना?" विचारणाऱ्याला उत्तर "हो" असं हवं असतं. मलाही बराच काळ तेच हवं होतं.

वर्गात मी फळ्यावर चार आकडे लिहिते. पुरळावरचं एक नवं मलम. लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलमाने गुण आला का? बहुतेक जण लगेच "आला" म्हणतात. २२३ डोळ्यांत भरतो ना! भागाकार केला की चित्र उलटतं. मलम लावलेल्यांत सुमारे ७५ टक्के बरे झाले, न लावलेल्यांत सुमारे ८४ टक्के.

हे आकडे माझे नाहीत. येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली ते अमेरिकेतल्या लोकांपुढे ठेवले. काहींना मलम म्हणून दिले, आणि काहींना तेच आकडे बंदूकबंदीचे म्हणून: कोणत्या शहरांत गुन्हे वाढले, कोणत्या शहरांत घटले. मलमाच्या वेळी ज्यांचं गणित पक्कं त्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. बंदूक आली आणि गणित पक्कं असलेली माणसंही पक्षानुसार फाकली. वरवर दिसणारं उत्तर मनाजोगतं असलं की माणूस तिथेच थांबतो. मनाविरुद्ध असलं की कागद ओढून भागाकार करायला बसतो. आणि भागाकार येतो कुणाला? गणित पक्कं असलेल्यालाच. त्यामुळे हुशार लोकांतली दरी जास्त रुंद निघाली.

हा प्रयोग मी कितीतरी वेळा मोठ्या विश्वासाने सांगितला. पुढे इतरांनी तो पुन्हा करून पाहिला. राजकीय कल आडवा येतो हे त्यांनाही दिसलं, पण "हुशार माणूस जास्त घसरतो" हा भाग तितका टिकला नाही. मला हे फार उशिरा कळलं, कारण मी शोधलंच नव्हतं. निष्कर्ष मला आवडला होता. आता वर्गात मी दोन्ही सांगते.

म्हणून माझं उत्तर असं: आपण काय मानावं हे आपला कल क्वचितच थेट सांगतो. तपासणं कुठे थांबवायचं, एवढंच तो ठरवतो.

शिक्षणाचं उदाहरण घ्या. १९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला आणि त्याला १०० डॉलर दंड झाला. उजेड विरुद्ध अंधार अशी ही गोष्ट मी सांगत असे, आणि माझी बाजू अर्थातच उजेडाची. मग कधीतरी त्या खटल्यातल्या पाठ्यपुस्तकात आणखी काय होतं ते वाचलं. त्यात मानववंशांची उतरंड होती, गोरे सगळ्यांत वर. 'मंदबुद्धी' घराण्यांची संतती रोखावी असा उपदेशही होता. आणि हे तेव्हाचं 'आधुनिक' विज्ञान म्हणून! दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीचा कायदा वैध ठरवला. स्कोप्सच्या विरोधात उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन उत्क्रांतीबाबत चुकलेच होते, शिकवण्यावरची बंदीही चूकच होती. पण "बळी तो कान पिळी" हाच निसर्गाचा नियम म्हणून शिकवला गेला तर दुबळ्यांचं काय होईल, ही त्यांची भीती पोकळ नव्हती. ते पुस्तक उघडून पाहावं असं मला इतकी वर्षं वाटलं नव्हतं.

सोव्हिएत रशियात सत्तेचा लाडका कृषितज्ज्ञ लिसेंको याच्या नादाने आनुवंशशास्त्राचा गळा घोटला गेला, वाविलोव्हसारखा शास्त्रज्ञ १९४३ साली तुरुंगात उपासमारीने गेला. हे सांगायलाच हवं. पण या प्रश्नाला उत्तर म्हणून मी ते कमी वापरते. तिथला खलनायक परका असतो, ऐकणारा निवांत बसतो.

कलेत मला सगळ्यांत जास्त हलवलं ते एमिल नोल्डे या जर्मन चित्रकाराने. नाझींनी १९३७ साली संग्रहालयांतून त्याची हजाराहून जास्त चित्रं उचलली, त्यांतली काही 'अधःपतित कला' म्हणून लोकांनी हसावं यासाठी टांगली. पुढे चित्रकार म्हणून व्यवसाय करायलाच बंदी घातली. त्याचं १९३६ चं एक चित्र आहे: फुटणारी हिरवट लाट आणि वर पेटलेलं आकाश. हुकूमशाहीपुढे न वाकलेला माणूस मला त्या लाटेत दिसायचा. पण नोल्डे स्वतः नाझी पक्षाचा सदस्य होता, ज्यूद्वेष्टा होता, आणि राजवटीने आपल्याला आपलं म्हणावं म्हणून धडपडत होता. २०१९ मध्ये बर्लिनमध्ये एका प्रदर्शनाने हे कागदपत्रांसह मांडलं. ती लाट तेव्हा चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या कार्यालयात होती. प्रदर्शनासाठी गेली ती तिथे परत टांगली गेली नाही.

रंग तेच आहेत. एक रेघही हललेली नाही. तरी आता मला ती लाट पूर्वीसारखी दिसत नाही, आणि पूर्वीचं दिसणं खरं होतं की आताचं, हे मला ठरवता आलेलं नाही. माझ्या पुस्तकात त्या चित्राखाली मी कधीतरी पेन्सिलने 'धैर्य' असं लिहिलं होतं. तो शब्द मी खोडला नाही. शेजारी २०१९ लिहून ठेवलं आहे.