काल रात्री माळावरून कोण गेले?

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि आमच्या शिक्षिका, म्हणजे बाई, आठवल्या. 1984 च्या जून महिन्यात मी तिसरीच्या वर्गात जाऊन बसलो आणि त्याच आठवड्यात त्या शाळेवर रुजू झाल्या. त्या रत्नागिरी जिल्ह्यातून आल्या होत्या. दारात माड, परसात फणस आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस उघडीप नाही, अशा मुलखातून सोलापूर जिल्ह्यातील आपल्या या उघड्या माळावर आल्यावर त्यांना काय वाटले असेल, हे मी स्वतः शिक्षक होऊन बदल्यांच्या गावी राहिल्यानंतर मला समजू लागले. पहिल्याच दिवशी खिडकीतून बाहेर पाहत त्यांनी विचारले, "इथे जवळ जंगल कुठे आहे रे?" वर्ग गप्प राहिला. मग मागच्या बसकरपट्टीवरून एका धनगराच्या मुलाने उत्तर दिले, "जंगल न्हाई बाई, माळ हाय." बाईंनी विचारले, "मग माळावर काय आहे?" तो म्हणाला, "काय न्हाई."

हे 'काही नाही' आमच्या तोंडी घरातूनच आले होते. ज्वारी पिकते ती जमीन, आणि जिच्यात फक्त कुसळी गवत उगवते ती पड, अशी आमच्या घरच्या माणसांची सरळ विभागणी होती. पावसाळ्यानंतर चार महिने मेंढरे चरून गेली की माळाचे काम संपले, असेच सगळे धरून चालत. त्या माळावर कोण राहते, हे शिकण्यासारखे काही असेल, असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि पुस्तकातही ते नव्हते.

पुस्तकात प्राण्यांच्या निवाऱ्यांचा धडा होता. सिंहाची गुहा, घोड्याचा तबेला, गाईचा गोठा, पक्ष्याचे घरटे, मुंग्यांचे वारूळ अशा जोड्या आम्ही एका दिवसात पाठ केल्या. बाईंनी तो धडा संपवला आणि फळ्याच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मारून वर लिहिले, 'आपल्या माळावर कोण राहते?' ती जागा त्यांनी पंधरा दिवस पुसू दिली नाही. रोज कोणीतरी घरून एखादे नाव आणायचे आणि ते तिथे लिहिले जायचे. ससा, घोरपड, मुंगूस, फुरसे, टिटवी, चंडोल, कोल्हा. कोल्ह्याच्या नावाने आम्ही दोन वेगवेगळे प्राणी सांगत होतो, हे बाईंच्या लक्षात आले. एक मोठा, ओढ्याच्या आणि उसाच्या बाजूला रात्री ओरडणारा. दुसरा लहानसा, शेपटीचे टोक काळे असलेला, उघड्या माळावर बिळात राहणारा. दुसरा तो खोकड. त्या दिवशी फळ्यावर एका नावाची दोन नावे झाली. वारुळाचेही तसेच झाले. नागपंचमीला आमच्या आया ज्या वारुळाला दूध-लाह्या वाहत, त्याचा पडलेला एक कोपरा बाईंनी आम्हाला जवळून दाखवला आणि आत कोण दिसते ते लिहायला सांगितले. आत वाळवी होती. मुंग्यांनी किंवा नागाने ते बांधलेले नाही, नाग तयार घरात येऊन राहतो, ही दुरुस्ती आम्ही आमच्या हाताने पुस्तकातल्या जोडीशेजारी पेन्सिलीने लिहिली.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल रुजली ती बाईंची माती. शाळेच्या मागून जी पायवाट ओढ्याकडे उतरते, तिच्यावर त्यांनी आमच्याकडून दोन हात लांब आणि तितकीच रुंद जागा साफ करून घेतली. घरची पिठाची चाळण आणून त्यांनी तिच्यातून माती चाळली, आणि ती बारीक माती फूटपट्टीच्या कडेने सारवल्यासारखी सपाट केली. शाळा सुटताना हे काम व्हायचे. सकाळी प्रार्थनेच्या आधी आम्ही तिथे जमायचो. ऊन तिरपे असतानाच ठसा उठून दिसतो, ते डोक्यावर आले की तोच ठसा पुसट होतो, हे बाईंनाही दोन-तीन दिवसांनी उमगले आणि मग उशिरा येणाऱ्याला त्या दिवशीचे वाचन मिळेनासे झाले. हो, त्या त्याला वाचनच म्हणत. "काल रात्री माळावरून कोण गेले?" एवढाच प्रश्न असायचा.

पहिल्या सकाळी फक्त गावातले कुत्रे गेलेले होते आणि आम्ही हिरमुसलो. बाईंनी मात्र त्या ठशाचे माप घ्यायला लावले, नखांच्या खुणा दाखवल्या आणि मांजराच्या ठशात त्या का नसतात, हे शाळेच्याच मांजराचा पंजा हळूच दाबून आम्हाला पाहू दिले. चौथ्या दिवशी कुत्र्यासारखाच, पण अगदी लहान आणि अरुंद ठसा मिळाला. पावले जवळजवळ एका रेषेत पडलेली होती. धनगराचा तो मुलगा खाली वाकला आणि ठामपणे म्हणाला, "खोकड." ज्या मुलाला अक्षर लवकर लागत नव्हते, त्याने त्या दिवशी सगळ्या वर्गाला वाचून दाखवले. सशाचा ठसा कळायला आम्हाला वेळ लागला, कारण त्याचे लांबट मागचे पाय उडी मारताना पुढच्या पायांच्याही पुढे पडतात आणि आम्ही त्याला उलट्या दिशेने चालवत होतो. एका सकाळी मात्र कोणालाच काही सांगता येईना. पुढचा पंजा चांगलाच मोठा, मागचा त्याहून लहान, अशी विचित्र जोडी होती. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. आपण विचारून येऊ." त्यांनी ठशाचे चित्र कागदावर उतरवले आणि मधल्या सुट्टीत धनगराच्या त्या मुलाच्या आजोबांना नेऊन दाखवले. आजोबांनी चित्र पाहताच सांगितले, "तरस हाय."

शिक्षकाने 'मला माहीत नाही' असे वर्गासमोर म्हणणे आणि मग ज्याला माहीत आहे त्याच्याकडे स्वतः चालत जाणे, ही गोष्ट मी तोपर्यंत पाहिली नव्हती. अध्यापन पदविकेच्या दोन वर्षांत मला जे शिकवले गेले, त्यापेक्षा या एका मधल्या सुट्टीचे मोल मला अधिक वाटते.

पुढे तेच आजोबा वर्गात आले. वहाणा बाहेर काढून, काठी दाराशी टेकवून ते उंबऱ्याजवळच बसले. लांडग्याबद्दल आम्हाला जे ठाऊक होते ते 'लांडगा आला रे आला'च्या गोष्टीपुरते होते. आजोबांनी सांगितले की त्यांच्या कळपातून वर्षाला एखादे-दुसरे कोकरू लांडगा नेतोच. नेले की शिव्या देऊन मोकळे व्हायचे आणि वाघर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, नीट लावायची. थंडीत त्याची पिल्ले बिळात असतात तेव्हा त्या बाजूला ते मेंढरे नेत नाहीत. एका मुलाने बीळ कुठे आहे ते विचारले. आजोबा हसले आणि म्हणाले, "त्ये सांगायचं नसतं, पोरा." बिळात धूर करून पिल्ले मारण्याचे प्रकार त्या काळी आसपास होत असत, हे मला फार नंतर कळले. बाईंनी त्यावर आम्हाला काहीही उपदेश केला नाही. प्राण्यांवर प्रेम करा, असे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकल्याचे आठवत नाही. कोण कुठे राहतो, कधी बाहेर पडतो, काय खातो आणि कशाला भितो, एवढे त्या आमच्याकडून पक्के करून घेत.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की माळ सोनेरी पिवळा व्हायचा. त्या दिवसांत एका दगडावर उभा राहून गळ्याचा निळा, काळा आणि शेंदरी पंखा उघडझाप करणारा सरडा आम्ही पाहिला. या सरड्यांच्या प्रजातीला 2016 साली संशोधकांनी शास्त्रीय नाव दिले, तेव्हा आपल्या मराठीतील 'सरडा' हाच शब्द त्यासाठी घेतला, हे वाचल्यावर मला त्या दगडाची आठवण झाली. टिटवीची अंडीही आम्ही त्याच महिन्यात पाहिली. टिटवी ओरडली की कोणाचे तरी वाईट होते, असे आमच्या घरी म्हणत, म्हणून काही मुली पुढे यायला तयार नव्हत्या. बाईंनी आम्हाला वीस पावले दूर बसवले आणि ती केव्हा ओरडते तेवढे मोजायला सांगितले. आम्ही पुढे सरकलो की ती ओरडे, मागे आलो की गप्प होई. खड्यांच्या मधोमध, खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती, टोके आतल्या बाजूला. ऊन चढल्यावर टिटवी ओढ्याच्या डबक्याकडे गेली, परत आली आणि अंड्यांवर बसली. ती पुन्हा उठून गेली तेव्हा अंड्यांभोवतीचे खडे ओले झालेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. पोटाची पिसे भिजवून आणून ती अंडी थंड ठेवत होती.

त्याच वर्षी वार्षिक परीक्षेला प्रश्न आला, 'पक्षी घरटे कोठे बांधतात?' मी आणि आणखी चौघांनी लिहिले, 'जमिनीवर.' पेपर बाहेरच्या शाळेत तपासले गेले होते आणि आमचा गुण कापला गेला. उत्तर 'झाडावर' असे अपेक्षित होते. मी रडत बाईंकडे गेलो. त्यांनी गुण वाढवून देण्याची खटपट केली नाही. त्यांनी पुन्हा विचारले, "तू पाहिलेल्या टिटवीने कुठे घातली होती अंडी? चंडोलाने कुठे?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तुझे उत्तर बरोबर आहे. फक्त पुढच्या वेळी पक्ष्याचे नाव लिही."

चौथीत शाळेची सहल रेहेकुरीला गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्याचे ते अभयारण्य 1980 साली काळविटांसाठी राखले गेले. तिथे कळपाने उड्या मारत जाणारी काळविटे पाहिली, पण सहलीपेक्षा मला नान्नजची पायपीट अधिक आठवते. नान्नज आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि तिथला माळढोक, गवताळ माळावरचा तो मोठा पक्षी, आपल्या परिसराचा मानकरी. त्याच्यासाठीचे अभयारण्य 1979 साली जाहीर झाले होते. भाद्रपदातील एका सकाळी आम्ही बांधाआड पालथे पडून राहिलो, आणि फार दूर, गवताच्या वर, एक पांढरी मान हळूहळू फुगत गेली. काही वेळाने त्याचा खोल, घुमणारा आवाज आला. बाईंनी जवळ जाऊ दिले नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, हे त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते. परतताना ओल्या मातीत आम्हाला तीन बोटांचा मोठा ठसा सापडला. मागचे बोट नव्हते. बाईंनी विचारले, ज्याला मागचे बोट नाही तो फांदी कशी धरील? तो झाडावर बसत नाही, हे आम्हाला त्या ठशानेच सांगितले.

त्या अभयारण्याची मूळ हद्द 8,496 चौरस किलोमीटर होती. तिच्यात गावे, शेते, रस्ते सगळे आले, जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, आणि पुढे आपल्या भागातील लोकांचा राग त्या पक्ष्यावर निघू लागला. नंतर हद्द सुमारे 1,222 चौरस किलोमीटरपर्यंत कमी केली गेली. तोवर माळ पुष्कळसा नांगरला गेला होता आणि त्यावरून विजेच्या तारा गेल्या होत्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने उडताना त्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही आणि जड शरीरामुळे चटकन वळता येत नाही. आज देशात ते दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला माळढोक दिसणे जवळजवळ थांबले आहे. माझ्या मुलीला मी तो दाखवू शकलो नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

मी इंदापूर तालुक्यात शिकवतो. तिथे भिगवणच्या बाजूला उजनी धरणाचे पाणी आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि कडबनवाडीच्या बाजूला आपल्यासारखाच गवताळ माळ आहे, जिथे चिंकारा आहे. माझ्या वर्गातही एक पिठाची चाळण आहे. पाण्याकाठच्या शाळेत मात्र माती चाळावी लागत नाही, गाळच सगळे लिहून ठेवतो. बाईंचा इथला पाठ तिथे जसाच्या तसा चालत नाही. ठसे वेगळे, आजोबांच्या जागी तिथे मासेमारी करणारे काका आहेत, प्रश्न मात्र तोच ठेवला आहे.

स्मरणिकेच्या निमंत्रणासोबत समितीने अमृतमहोत्सवाच्या कार्यक्रमांची यादी पाठवली आहे. तिच्यात शाळेमागील माळावर 750 झाडे लावण्याचा संकल्प आहे. त्यामागची भावना मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच ही विनंती मी संकोच न करता करतो. त्या माळावर पवना आणि मारवेल हे गवत अजून उगवते. टिटवी आणि चंडोल तिथे अंडी घालतात, कारण त्यांना चारी बाजूंनी दूरवर दिसते. झाडे उभी राहिली की कावळ्यांना बसायला जागा होते आणि जमिनीवरची अंडी त्यांना वरून दिसतात. शिवाय सावलीखाली ते गवतही टिकत नाही. तेव्हा लिंब आणि चिंच रस्त्याच्या दुतर्फा, मैदानाच्या कडेने आणि ओढ्याच्या काठी लावावी. त्यासाठी लागेल तो खर्च त्या वेळच्या माझ्या वर्गातील आम्ही सर्वजण मिळून करू. माळ मात्र जसा आहे तसा राहू द्यावा, आणि ओढ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवरची ती दोन हात जागा पुन्हा साफ करावी. महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी मी गावी येत आहे, चाळण मी घेऊन येईन. ज्या मुलांना ठसे पाहायचे असतील त्यांनी दुसऱ्या दिवशी ऊन तिरपे असतानाच यावे.